पडीक खुला रंगमंच: साफ करणं जमेल, पण पुढे सांभाळायचा कसा?

तिसरी_घंटा | ९ जून, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी,

मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करतोय, वसतिगृहात राहतो. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, गाईडही अधूनमधून इथे वाचत असतात. :)

आमचं ग्रंथालय आणि मुलांचं वसतिगृह यांच्या मधल्या उतारावर एक खुला रंगमंच आहे. काळ्या दगडाच्या अर्धगोल पायऱ्या, खाली चौथरा, दोन्ही बाजूंना विंगांच्या भिंती आणि मागे रंगपटाची खोली. जुने सर सांगतात, एके काळी स्नेहसंमेलन, कविसंमेलन, युवक महोत्सव सगळं इथेच व्हायचं. पुढे एसी सभागृह बांधलं आणि इथला राबता थांबला.

आज चौथऱ्यावर मोडक्या बाकांचा आणि लोखंडी कपाटांचा डोंगर आहे. एका कपाटावर अजून 'परीक्षा विभाग, गोपनीय' अशी पाटी आहे आणि आत मुंग्यांनी संसार थाटलाय. पायऱ्यांच्या सांध्यांतून गाजरगवत कमरेएवढं वाढतं. उजव्या विंगेच्या भिंतीतून पिंपळ आलाय. पाऊस सुरू झाला की खालच्या दोन-तीन पायऱ्या पाण्यात जातात, मग डास. रंगपटाचं दार कधीच गेलं. आत काय सापडतं ते सांगायला नको.

आणि दुसरीकडे आम्हाला एकांकिकेच्या तालमीला जागा नाही. सभागृहाला विद्यार्थ्यांनाही भाडं. गेल्या वर्षी पार्किंगच्या शेडमध्ये तालमी केल्या. नायिकेने डोळ्यांत पाणी आणून पॉज घ्यावा आणि मागे कुणीतरी बुलेटला किक मारावी.

गेल्या पावसाळ्यात एनएसएसच्या मुलांनी श्रमदान केलं होतं. फोटो झकास आले, पेपरात बातमी आली. दिवाळीपर्यंत पुन्हा जैसे थे.

साफसफाईला हात कमी पडणार नाहीत, पोरं तयार आहेत. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. अशी सगळ्यांची, म्हणजेच कोणाचीच नसलेली जागा कुणी टिकवून दाखवली आहे का? कशी?

---

गोधडी | १० जून, सकाळी ७:०५

धाग्यावर नजर ठेवून आहे. आमच्या कॉलेजातही असा मंच होता. तिथे आता दुचाकी लावतात. तुमचा तरी वाचवा.

---

ऊन_सावली | १० जून, सकाळी ९:४०

राजेहो, काही होत नसते. नॅकची तपासणीवाली मंडळी येतीन तवा चुना मारतीन, कुंड्या भाड्यानं आणतीन, अन् ते गेले का कुंड्या परत नर्सरीत. लय वर्षांपासून पाहून राहिलो. तरी बी करा, आपला पाठिंबा हाय.

---

निवृत्त_अधीक्षक | १० जून, दुपारी १:१५

उभी नोकरी विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीत गेली, त्यामुळे थोडं लांबण लावतो. सांभाळून घ्या.

गवत राहू द्या, आधी ताब्याचं बघा. हा रंगमंच आज कागदावर कोणाकडे आहे? अभियांत्रिकी विभाग, उद्यान विभाग, विद्यार्थी विकास मंडळ की वसतिगृहाचे रेक्टर? बहुधा उत्तर येईल, कोणाकडेच नाही. बांधला अभियंत्यांनी, वापरला विद्यार्थी विकासने, झाडला उद्यानच्या माणसांनी. वापर थांबला तसे तिघांनीही हात काढून घेतले. हे ठरवून न घेता अर्ज दिलात तर तो तिन्ही टेबलांवर 'उचित कार्यवाहीस्तव' असा शेरा घेत फिरत राहील आणि तुमची पीएच.डी. आधी संपेल.

आता ती बाकं. लोकांना वाटतं कुणीतरी आळसाने आणून टाकली. तसं नसतं. मोडकी असली तरी जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, ती जिवंत आहेत, आणि कुठल्यातरी विभागप्रमुखाच्या नावावर आहेत. निर्लेखन, म्हणजे त्या नोंदवहीतून रीतसर कमी करणं, झाल्याशिवाय भंगारात देता येत नाहीत. दिली तर लेखापरीक्षणात आक्षेप. विभागप्रमुख बदलताना मोजणी होते, एखादं कपाट कमी भरलं तर जाणाऱ्या माणसाचा जीव टांगणीला. मग सही करून विकायचं धाडस कोण करेल? त्यापेक्षा 'तात्पुरतं' म्हणून रंगमंचावर नेऊन ठेवलेलं बरं. ते तात्पुरतं पुढे पंधरा वर्षं चालतं.

तुम्ही एक काम करा. प्रत्येक वस्तूवर ऑइलपेंटने विभागाचं नाव आणि क्रमांक लिहिलेला असतो. ते सगळे क्रमांक उतरवा, फोटो काढा, विभागवार यादी बनवा आणि कुलसचिवांच्या नावे अर्जासोबत जोडा. यादी आयती हातात पडली की निर्लेखन समितीला टाळायला निमित्त उरत नाही. पण बाकं स्वतः हलवू नका. उद्या कुणी 'आमचं कपाट चोरीला गेलं' असा अर्ज दिला तर तुम्ही अडकाल.

आणि मागणी नव्या कामाची करू नका. नवं काम म्हटलं की वास्तुविशारद आला, निविदा आली, कुणाच्या तरी डोक्यात कारंजंही आलं. दुरुस्ती-देखभालीच्या शीर्षाखाली दरवर्षी थोडीफार तरतूद असते आणि मार्चच्या तोंडावर ती संपवायची घाईही असते. त्यातून मागा.

---

तिसरी_घंटा | १० जून, दुपारी ३:०२

काका, दंडवत. या बाकांवरून आम्ही आजवर शिपायांना शिव्या घालत होतो. यादीचं काम उद्यापासून.

---

वारूळवाला | १० जून, संध्याकाळी ६:३०

यादी करताना ढिगात हात घालू नका! दगड, लोखंड, उंदीर आणि गारवा, म्हणजे घोणस-मण्यारला राहायला बंगलाच. गमबूट, हातात लांब काठी, आणि अंधार पडायच्या आत बाहेर. ढीग हलवायच्या दिवशी गावातल्या सर्पमित्राला बोलावून ठेवा. साप दिसला तर मारू नका, वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ आहे. शिवाय तुमच्या उंदरांचा बंदोबस्त तोच करतोय.

---

ओळंबा | ११ जून, सकाळी ८:५०

सार्वजनिक बांधकामात होतो. माझं मत, पाणी आधी, बाकी सगळं मागाहून.

अर्धगोल उतरता मंच म्हणजे पावसाचं पाणी गोळा करायला बांधलेली परातच. बांधणाऱ्याला हे ठाऊक असणार. शेवटची पायरी आणि चौथरा यांच्या मध्ये नक्की नाली असेल आणि ती कुठल्यातरी विंगेखालून बाहेर निघत असेल. पालापाचोळा आणि गाळाने बुजली असणार. ती शोधा.

मराठवाड्यात म्हणजे खाली काळी माती. ओली झाली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की पायऱ्या उचलतात, बसतात, सांधे उघडतात. सांध्यात माती साचते, मातीत बी पडतं. तुमचं गवत तिथून सुरू होतं. नाली मोकळी न करता सांधे भरलेत तर दोन पावसाळ्यांत पैसे वाया.

पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन तिथे उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे थबकतं, सगळं मोबाइलवर घ्या. वरून ग्रंथालयाच्या बाजूचं पाणी पायऱ्यांवर उतरत असेल तर वरच्या कडेला चर खणून ते बाजूने वळवावं लागेल. त्याला पैसे लागत नाहीत, चार माणसं आणि टिकाव-फावडी पुरतात.

पिंपळाबद्दल. वरून छाटलात तर दुप्पट फुटेल. सांधा उकरून मूळ निघालं तर ठीक, नाहीतर तेवढे दगड उतरवून पुन्हा बांधावे लागतील. मुळात हिंग भरायचा जुना उपाय लोक करतात, मला त्याचा अनुभव नाही. भिंत सिमेंटात असेल तर सांधे सिमेंटने भरा. चुन्यातली निघाली तर सिमेंटला हात लावू नका, ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. आणि त्या भिंतीला तडा असेल तर तोवर तिच्याखाली कुणालाही बसू देऊ नका. तालीमसुद्धा नाही.

---

घाईत_आहे | ११ जून, सकाळी ११:११

गवताला एवढं काय? ग्लायफोसेट तणनाशक मारा, आठ दिवसांत वाळून कोळसा.

---

रानमेवा | ११ जून, रात्री ९:१४

@घाईत_आहे, २०२२च्या अधिसूचनेनंतर ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरकडूनच मारून घेता येतं. आणि मारलं तरी जमिनीतल्या बियांचं काय?

धागाकर्ते, वनस्पतिशास्त्र शिकवते म्हणून लिहिते. गाजरगवत म्हणजे आपलं काँग्रेस गवत. १९५०च्या दशकात पुण्याच्या आसपास त्याची नोंद झाली, अमेरिकेहून आलेल्या गव्हासोबत आलं असं सांगतात. एकेका झाडाला दहा हजारांहून जास्त बिया. ओलावा असेल तर वर्षभरात तीन-चार पिढ्या. तुमच्या एनएसएसच्या मुलांनी बहुतेक पांढरी फुलं आल्यावर उपटलं असणार. म्हणजे बी आधीच सांडलेलं, उपटताना आणखी झटकलं गेलं. दिवाळीला जे उगवलं ते त्याचंच.

उपटायचं ते फुलाआधी, पाऊस पडून माती भुसभुशीत असताना, मुळासकट. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काहींच्या अंगावर चट्टे उठतात, काहींना दमा उठतो. ज्याला आधीच दमा आहे त्याला या कामाला घेऊच नका, कितीही उत्साही असला तरी. फुलाआधीचं उपटलेलं खतात चालतं, फुलावर आलेलं नाही.

उपटल्यावर मोकळी जमीन तशीच सोडली तर तेच परत येतं. पायऱ्यांच्या वरच्या उतारावर टाकळा पेरा. तो दाट माजतो आणि गाजरगवताला वर डोकं काढू देत नाही. बी विकत घ्यायला लागत नाही, थंडीच्या सुरुवातीला रस्त्याकडेच्या वाळलेल्या शेंगा गोळा करायच्या आणि मेअखेर फेकायच्या. यंदा उशीर झालाय, कुणाकडे जुनं बी असेल तर बघा. कोवळ्या पानांची भाजी होते ती वेगळीच, मेसवाल्याला सांगून बघा. ;)

मेक्सिकन भुंगेही आहेत, झायगोग्रामा. १९८४ला बंगळुरूला सोडले होते, आता बऱ्याच ठिकाणी आपोआप दिसतात. पावसाळ्यात पानं पार चाळणी करतात. पानांवर पट्टेरी पिवळट भुंगे दिसले तर मारू नका, आपल्या बाजूचे आहेत. जबलपूरची तण संशोधनाची संस्था दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजरगवत जागरूकता सप्ताह करते. एनएसएसला त्या निमित्ताने दुसरी फेरी लावायला सांगा. पण पहिली जुलैतच हवी, सप्ताहाची वाट बघत बसू नका.

---

शिस्तप्रिय | १२ जून, सकाळी १०:००

हे सगळं करून उपयोग काय? साफ केलं की संध्याकाळी जोडपी येऊन बसणार. आमच्याकडे शेवटी तारेचं कुंपण घालून गेटला कुलूप लावावं लागलं.

---

काळी_मैना | १२ जून, सकाळी १०:३७

आणि कुलूप लावल्यावर आत काय वाढलं? गवतच ना?

मुलींच्या बाजूने सांगते. मोकळी, उजेडाची, माणसांची जागा आम्हाला सुरक्षित वाटते. कुंपण घातलेली, अंधारी, कुणी न फिरकणारी जागा वाटत नाही. दोन माणसं पायरीवर बसून बोलली तर विद्यापीठ बुडत नाही. उलट लोक बसायला लागले की बाटल्यावाले आपोआप दुसरीकडे जातात.

@तिसरी_घंटा, दिवे कुठे आहेत, किती आहेत? आमच्या वसतिगृहाचं दार रात्री लवकर बंद होतं. तुमची तालीम साडेसातला सुरू होणार असेल तर त्यात मुली कमीच दिसतील. वेळ ठरवतानाच हे धरा. आणि रंगमंचापासून मुलींच्या वसतिगृहापर्यंतच्या वाटेवरही उजेड हवा. मंच झगमगीत आणि वाट काळोखी असं करू नका.

---

शिस्तप्रिय | १२ जून, सकाळी १०:५५

तुम्हाला पालकांचे फोन घ्यावे लागत नाहीत, म्हणून बोलणं सोपं आहे.

---

काळी_मैना | १२ जून, सकाळी ११:०२

पालकांना 'जागा बंद केली' हे सांगणं सोपं, 'दिवा लावला' हे सांगणं अवघड, असं आहे का? असो. अवांतर होतंय, थांबते.

---

पवईपार | १२ जून, रात्री ८:४५

आयआयटी मुंबईत शिकलो. तिथलं ओपन एअर थिएटर टिकलंय, कारण ते वापरात असतं. वसतिगृहं मिळून पॅफ नावाचे प्रयोग बसवतात. नेपथ्य, नाच, संगीत सगळं पोरांचं, आणि त्याच्या आधीचे कित्येक दिवस जागेवर वर्दळ असते. ज्या जागेवर कुणाचं तरी नाटक परवा आहे, तिथे मोडकं बाक टाकायची कुणाची छाती होत नाही.

पुणे विद्यापीठातल्या ललित कला केंद्राचा अंगणमंचही बघा. साधी मोकळी जागा. पण विद्यार्थ्यांची रोजची ये-जा.

म्हणून म्हणतो, आधी सगळं चकाचक करू, मग वापरू, असं नको. चौथरा मोकळा झाला की दुसऱ्या दिवशी तालीम लावा, सांध्यांत गवत असलं तरी.

---

ओळंबा | १२ जून, रात्री ९:२०

सहमत. फक्त ती पिंपळाची भिंत सोडून.

---

सातासमुद्रापार | १३ जून, पहाटे ४:१८

इथे अमेरिकेत बर्कली विद्यापीठात २००७ मध्ये विद्यार्थ्यांनी मतदान करून स्वतःवरच दर सत्राला ५ डॉलरची वर्गणी लावून घेतली. त्या निधीतून आवारातली पर्यावरणाची कामं होतात, कुठल्या कामाला द्यायचे हे ठरवणाऱ्या समितीत विद्यार्थी बहुमतात. असं काही तिकडे करता येईल का?

---

ऊन_सावली | १३ जून, सकाळी ९:०५

आमच्या फीच्या पावतीवर आधीच विकास निधी, क्रीडा निधी, सांस्कृतिक निधी, संगणक निधी लिहून असते भाऊ. अजून एक निधी मागाल तर पोट्टे तुमालाच खुल्या रंगमंचावर उभं करतीन.

---

निवृत्त_अधीक्षक | १३ जून, सकाळी ११:३०

गमतीत म्हटलं तरी मुद्दा रास्त आहे. नवी वर्गणी नको. अर्थसंकल्प अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे येतो. एखाद्या पदवीधर सदस्याला गाठा आणि सांस्कृतिक बाबींवरची तरतूद किती, खर्च किती, एवढाच प्रश्न विचारायला सांगा. लगेच माहिती अधिकारात अर्ज ठोकू नका. दहा रुपयांत तीस दिवसांनी उत्तर मिळतं हे खरं, पण त्यानंतर ज्या बाबूकडून पुढची पाच वर्षं काम करून घ्यायचं तो तुमच्याकडे बघणार नाही. ते शेवटचं हत्यार.

---

कमवा_शिका | १३ जून, दुपारी २:४०

सगळे पावसाळ्याबद्दल बोलतायत. अशी जागा मरते ती मे महिन्यात.

परीक्षा संपल्या की पोरं गावाला. ज्यांनी उत्साहाने रोपं लावली ते शेवटच्या वर्षाचे, ते कायमचे गेले. ऊन बेचाळीसच्या वर, टँकर फक्त प्रशासकीय इमारतीच्या लॉनला. जूनमध्ये नवी बॅच येते आणि वाळलेल्या काड्यांच्या शेजारी नवे खड्डे खणते, पाहुण्यांच्या हस्ते.

मी कमवा व शिका योजनेत होतो. कर्मवीर अण्णांनी साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ला याच पायावर उभं केलं. आज बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थी विकास मंडळ ही योजना चालवतं, तासावर पैसे मिळतात. ग्रंथालयात पुस्तकं लावायला मुलं घेतात, तशी रंगमंचाला दोन मुलं मागा. रोज एक तास झाडलोट, पाणी, रंगपटाची किल्ली. श्रमदानाने जागा साफ होते, टिकते ती पगारी माणसाने. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास भरायचे असतात, भरले की तो मोकळा. त्याला नावं ठेवत नाही, पण मेच्या पाण्याला तो येणार नाही. मेमध्ये गावाला न जाणारी मुलं प्रत्येक वसतिगृहात असतात. मी त्यांतलाच होतो, आणि त्या महिन्याचे पैसे आम्हाला फार लागायचे.

आणि रोपं मोजकी लावा. पाच जगवा. पन्नास नको.

---

रानमेवा | १३ जून, दुपारी ३:१०

+१. आणि ती पाच म्हणजे करंज, कडुनिंब, बहावा, शिरीष अशी, वरच्या कडेला, पायऱ्यांपासून चांगली लांब. वड-पिंपळ-उंबर बांधकामाजवळ नकोतच. गुलमोहराचा मोह टाळा, फांद्या ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात खाली येतात आणि खाली माणसं बसणार आहेत.

---

तिसरी_घंटा | १६ जुलै, रात्री १०:३०

ताजी खबर.

यादी झाली. बहुतेक वस्तूंवर क्रमांक मिळाले, काहींचा रंग उडालाय. सहा विभाग निघाले, त्यातला एक विभाग आता अस्तित्वातच नाही, दुसऱ्यात विलीन झालाय. त्या कपाटांना वाली नाही. कुलसचिव कार्यालयात यादी दिली तर तिथल्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हे आम्हीच करायला हवं होतं. आवक क्रमांक घेऊन आलो.

ओळंबा, नाली सापडली! अगदी तुम्ही म्हणालात तिथेच. वीतभर गाळाखाली दगडी झाकणं होती. पहारीने एक उचललं, आत काळा लगदा, रिफिलींचा खच, शीतपेयांची बिल्लं आणि एक घुंगरू. तोंड डाव्या विंगेखालून निघतं, तिथे एका झुडपाचं मूळ बसलं होतं. ते काढल्यावर तुंबलेलं पाणी असं काही सुटलं की खाली उभ्या असलेल्या आमच्या दिग्दर्शकाची चप्पल वाहून गेली.

पिंपळाचा मात्र पेच आहे. माळीकाका म्हणाले, सगळं करतो, त्याला हात लावणार नाही. मुकादमही तेच म्हणाला. काय करावं?

---

निवृत्त_अधीक्षक | १७ जुलै, सकाळी ७:५०

जबरदस्ती करू नका. मूळ जेवढं सुटं निघेल तेवढं सांभाळून काढून तळ्याच्या बांधावर किंवा मोकळ्या मैदानात लावायचं, असं त्यांच्यासमोर ठरवा. नारळ त्यांनाच फोडू द्या. मग हात लावतात. हे मी तीन इमारतींच्या गच्चीवर पाहिलंय. आणि तुम्ही महापालिकेच्या हद्दीत असाल तर मोठं झाड तोडताना वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, १९७५चा कायदा आहे. भिंतीतल्या रोपट्यालाही उद्यान अधीक्षकांकडून चिठ्ठी घेऊन ठेवा, कागद असलेला बरा.

---

गोधडी | १७ जुलै, सकाळी ८:१०

दिग्दर्शकाची चप्पल मिळाली का?

---

तिसरी_घंटा | १७ जुलै, सकाळी ८:१४

एक मिळाली.

---

तिसरी_घंटा | ११ नोव्हेंबर, रात्री ९:००

बरेच दिवस लिहायचं राहिलं.

बाकं गेली, पण सगळी नाही. चार विभागांनी निर्लेखन केलं, भंगारवाल्याचा ट्रक आला, आवाज ऐकून वसतिगृहातली निम्मी पोरं बघायला जमली. दोन विभागांची अजून सही नाही, ती बाकं चौथऱ्यावरून उचलून रंगपटाच्या खोलीत रचली. म्हणजे चौथरा मोकळा, रंगपट भरलेला. वाली नसलेली कपाटंही रंगपटातच आहेत.

पिंपळ काकांच्या सल्ल्याने निघाला. नारळ माळीकाकांनीच फोडला, प्रसाद आम्ही खाल्ला. भिंत सिमेंटातली होती, वरचे दगड उतरवून पुन्हा बसवले.

गवत जुलैत आणि ऑगस्टच्या सप्ताहात असं दोनदा काढलं. पायऱ्यांवर जवळजवळ नाही. वरच्या उतारावर आहे, कारण टाकळ्याचं बी मिळालं नाही. पाणी यंदा एकदाच साचलं, तेही पाचोळ्याने जाळी बुजली म्हणून. पाचोळा जाळायचा नाही असं ठरवून तारेच्या जाळीचा गोल कठडा केलाय, त्यात टाकतो, अधूनमधून शेणकाला शिंपडतो.

दिव्यांची अजून बोंब आहे. दोन सौर दिवे मिळाले, त्यातल्या एकाची बॅटरी पंधरवड्यात गेली. गेली म्हणजे चोरीला. मुलींची तालीम साडेसातच्या आत संपवतो, वाटेवरच्या दिव्यांसाठी काळी_मैनाने सांगितलेला मुद्दा पत्रात घातलाय, उत्तर नाही.

आणि नवी भानगड. वसतिगृहातून तक्रार आली, ढोलकीचा त्रास होतो. दोन दिवस चांगलंच वाजलं, ढोलकी नव्हे, आमच्यात. आता ग्रंथालयाच्या रखवालदाराकडे एक वही ठेवली आहे. ज्याला जागा हवी त्याने गटाचं नाव, वेळ, मोबाइल लिहायचा, जाताना झाडून जायचं आणि रखवालदाराची सही घ्यायची. वाद्यं सातपर्यंतच, परीक्षेच्या दिवसांत अजिबात नाही. गंमत म्हणजे वही आल्यापासून नाटकवाल्यांपेक्षा स्पर्धा परीक्षावाल्यांच्या नोंदी जास्त आहेत. सकाळी पायऱ्यांवर बसून मोठ्याने पाठ करतात. ग्रंथालयात त्यांना बोलता येत नाही.

कमवा-शिकाची दोन मुलं मंजूर झाली, पण मार्चपर्यंतच.

---

कमवा_शिका | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

म्हणजे नेमका एप्रिल-मे सोडून. आताच मागे लागा, मुदतवाढीचा अर्ज मार्चमध्ये दिलात तर आदेश जूनमध्ये निघेल.

---

शिस्तप्रिय | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

वहीची कल्पना चांगली आहे. नोंदीत ओळखपत्राचा क्रमांकही घ्या.

---

काळी_मैना | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:४१

पायरीवर बसायलाही ओळखपत्र? तालमीला ठीक, बसायला नको. आणि वहीत मुलींचे मोबाइल नंबर लिहून घेऊ नका, ती वही कोणीही उघडतं.

---

तिसरी_घंटा | १२ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

हे डोक्यात आलं नव्हतं. आजपासून मोबाइलचा रकाना बंद, गटप्रमुखाचा विभाग आणि वर्ग एवढंच. बसायला कुणाचीच नोंद नाही.

---

निवृत्त_अधीक्षक | १२ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

ताब्याचं काय झालं? ते तुम्ही लिहिलंच नाही.

---

तिसरी_घंटा | १२ नोव्हेंबर, दुपारी १:३०

तोंडी ठरलंय की विद्यार्थी विकास मंडळाकडे. लेखी आदेश नाही.

---

निवृत्त_अधीक्षक | १२ नोव्हेंबर, दुपारी १:४४

तोंडी म्हणजे संचालक बदलेपर्यंत. पुढच्या अर्थसंकल्पाचे प्रस्ताव विभागांकडून याच सुमारास मागवतात. वहीच्या सगळ्या पानांची छायाप्रत काढा, महिनावार किती गट आले ते वर लिहा आणि त्याला जोडून देखभालीच्या तरतुदीची मागणी मंडळाकडून पाठवायला लावा. मागणी त्यांनी पाठवली की ताबा त्यांचाच असल्याचा कागद आपसूक तयार होतो.

---

रानमेवा | १२ नोव्हेंबर, रात्री ८:०५

टाकळ्याच्या शेंगा आत्ता वाळतायत. आमच्या आवारात भरपूर आहे. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पोत्यात भरून एसटी पार्सलने पाठवते. कोरड्या जागी ठेवा, नाहीतर उंदीर आहेतच.

---

दुसरी_बेल | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

खानदेशातल्या एका कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे रंगमंच नाही, पण जुन्या वसतिगृहाच्या चौकात अगदी हाच ढीग आहे. निर्लेखनाच्या यादीचा नमुना मिळेल का?

---

तिसरी_घंटा | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:५२

व्यनि केलाय. क्रमांक उडालेल्या वस्तूंना वेगळा रकाना ठेवा आणि त्यांचे फोटो दोन्ही बाजूंनी घ्या. आमच्याकडे चार कपाटांवर दोन विभागांनी एकाच वेळी हक्क सांगितला, आणि भंगाराचा भाव कळल्यावर तिसराही आला.